‘देऊ शकतं’ आणि ‘द्यावंच लागेल’: एच-४ कार्डाच्या दहा वर्षांच्या खटल्याचा अभ्यास

माझ्या वहिनीच्या पाकिटात एक कार्ड असतं, आपल्या पॅन कार्डाएवढं. त्यावर फोटो, नाव, जन्मदेश आणि ‘श्रेणी’ या शब्दाशेजारी बारीक अक्षरांत सी-२६. खाली दोन तारखा, कधीपासून आणि कधीपर्यंत. न्यू जर्सीतल्या तिच्या घरात या दुसऱ्या तारखेइतकी पाठ कुठलीच तारीख नाही. मुलांच्या परीक्षासुद्धा नाहीत.

लग्नाआधी वहिनी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. २०११ मध्ये दादाबरोबर अमेरिकेत गेली आणि पुढची चार वर्षं घरात बसली. काम मिळत नव्हतं म्हणून नव्हे, करायची परवानगीच नव्हती म्हणून. २०१५ च्या दिवाळीत कामाच्या परवान्याचं हे कार्ड हातात आलं, तेव्हा तिने पहिला फोन आईला केला आणि दुसरा मला.

ऑगस्ट २०२४ मध्ये तिचा पुन्हा तसाच फोन आला. कुणीतरी ग्रुपवर बातमी टाकली होती: एच-४ व्हिसावाल्यांच्या या परवान्याविरुद्धचा खटला अपील कोर्टाने फेटाळला. “अगं, जिंकलो ना आपण? म्हणजे आता हे कार्ड कायमचं?” मी पुण्यात वकिली करते. अमेरिकन कायदा हा माझा धंदा नाही, पण निकालपत्र वाचता येतं. त्या रात्री वाचलं. मग मागचे सगळे आदेशही वाचले, २०१५ पासूनचे. वहिनीला द्यायचं उत्तर एका शब्दाचं नव्हतं, म्हणून हा अभ्यास लिहून काढते आहे.

रांग आणि तिच्यातली बायको

एच-१बी हा अमेरिकेतला कुशल कामगारांचा तात्पुरता व्हिसा. त्याच्या जोडीदाराला आणि २१ वर्षांखालच्या मुलांना मिळतो तो एच-४. एच-१बीची मूळ मुदत सहा वर्षांची. या काळात कंपनीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तर पुढची रांग सुरू होते. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यातली ७ टक्क्यांपेक्षा जास्त सहसा जात नाहीत. म्हणजे साधारण ९,८००, आणि त्यातच बायका-मुलंही मोजली जातात. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. म्हणून भारतीयांची रांग दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांची होते. रांगेतल्यांना परत जावं लागू नये म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, २००० मध्ये कायदा करून सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून घ्यायची सोय केली. दादाचा अर्ज २०१४ चा आहे. अजून पाळी आलेली नाही.

कायद्याने नवऱ्याला थांबायची मुभा दिली. बायकोने त्या दहा-पंधरा वर्षांत काय करायचं, याबद्दल कायदा गप्प राहिला.

ही जागा होमलँड सिक्युरिटी खात्याने नियमाने भरली. ओबामांच्या काळात, २५ फेब्रुवारी २०१५ रोजी नियम प्रसिद्ध झाला आणि २६ मेपासून लागू झाला. ज्या एच-१बीधारकाचा ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज मंजूर झाला आहे, किंवा ज्याला त्या २००० च्या कायद्याखाली सहा वर्षांपुढे मुदतवाढ मिळाली आहे, त्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येईल. खात्याने कारण दिलं ते सरळ होतं: एका पगारावर इतकी वर्षं काढणं जड जातं, त्यामुळे अमेरिकेला हवे असलेले कुशल लोक रांग सोडून निघून जातात. पहिल्या वर्षी १,७९,६०० पर्यंत आणि पुढे दरवर्षी ५५,००० पर्यंत लोक पात्र ठरतील, असा खात्याचाच अंदाज होता. खटल्यात खात्याचे हेच कागद विरोधकांच्याही उपयोगी पडले.

डिसेंबर २०१७ पर्यंत जे पहिले परवाने मंजूर झाले, ते ९०,००० च्या थोडे वर होते. त्यांतले ९३ टक्के भारतात जन्मलेल्यांना मिळाले आणि घेणाऱ्यांत बायकांचं प्रमाणही सुमारे ९३ टक्केच. त्यामुळे कागदावर हा ‘जोडीदारांचा’ नियम असला तरी प्रत्यक्षात तो भारतीय बायकांचा नियम आहे. एडिसनमध्ये, बे एरियात, डॅलसमध्ये मराठी मंडळाच्या कुठल्याही गणेशोत्सवात पाच बायकांशी बोला, या कार्डाची गोष्ट निघतेच.

वादी कोण होते

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे या खटल्याची चर्चा होते ती ‘ते आपल्या विरोधात आहेत’ एवढ्यावरच संपते.

सेव्ह जॉब्स यूएसए ही संस्था स्थापन केली ती सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीत आयटीचं काम केलेल्या लोकांनी. २०१४-१५ मध्ये त्या कंपनीने आयटीची कामं बाहेर दिली आणि सुमारे ४०० जणांची नोकरी गेली. कामं ज्यांना मिळाली त्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि इन्फोसिस. आपल्या जागी येणाऱ्यांना आपल्यालाच शिकवावं लागलं, असं या लोकांनी उघडपणे सांगितलं. मार्च २०१५ मध्ये अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे हा विषय आला.

टीसीएसचं मुख्यालय मुंबईत. इन्फोसिसची मोठी कचेरी हिंजवडीत. म्हणजे या खटल्याच्या एका टोकाला हिंजवडीत नोकरी केलेली माझी वहिनी आहे आणि दुसऱ्या टोकाला हिंजवडीसारख्या ठिकाणांमुळे नोकरी गेलेला एक मध्यमवयीन अमेरिकन. त्याच्या घरातही कुणीतरी महिनाअखेरीची बेरीज करत बसलं असेल. त्या माणसाचं दुःख मला खोटं वाटत नाही. पण त्याची नोकरी वहिनीने घेतली नव्हती. एप्रिल २०१५ मध्ये, नियम लागू व्हायच्या आधी महिनाभर, तो कोर्टात गेला तेव्हा त्याच्या हाताशी आव्हान द्यायला हा नियम होता, म्हणून त्याने हा नियम निवडला.

लोकस

आपल्याकडे कुठल्याही रिटमध्ये समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो: यांचा लोकस काय? याचिकाकर्त्याचं नेमकं काय बिघडलंय? अमेरिकेत हा प्रश्न आणखी कडक आहे, कारण त्यांच्या राज्यघटनेने फेडरल कोर्टांना फक्त खऱ्याखुऱ्या वादांपुरताच अधिकार दिला आहे. जनहित याचिकेची आपली मोकळीक तिथे नाही. नुकसान खरं हवं, प्रतिवादीमुळे झालेलं हवं आणि कोर्टाच्या आदेशाने दूर होणारं हवं.

वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश तान्या चटकन यांनी मे २०१५ मध्ये स्टे नाकारला. त्यामुळे नियम ठरल्या दिवशी लागू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी मूळ दावाही लोकसच्याच मुद्द्यावर काढून टाकला. एच-४ च्या बायका आयटीतच शिरतील, त्यांच्यामुळेच या लोकांच्या संधी जातील, हे त्यांना पुरेसं सिद्ध झालेलं दिसलं नाही.

अपील गेलं डी.सी. सर्किटकडे. ‘सर्किट’ हा शब्द आता आपल्या ओळखीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं ना, तोच शब्द. अमेरिकेत जुन्या काळी न्यायाधीश घोड्यावरून गावोगावी फिरून कोर्ट भरवत, तो फेरा म्हणजे सर्किट. फेरा संपला, नाव उरलं. आज अशी १३ फेडरल अपील न्यायालयं आहेत: ११ क्रमांकांची, एक राजधानीचं आणि एक पेटंटसारख्या विषयांचं. राजधानीतलं म्हणजे डी.सी. सर्किट. केंद्र सरकारच्या नियमांवरचे पुष्कळसे खटले तिथेच येतात, म्हणून क्षेत्राने लहान असूनही वजनाने ते फार मोठं आहे.

८ नोव्हेंबर २०१९ रोजी या कोर्टाने जिल्हा न्यायालयाचा निर्णय फिरवला. निकाल लिहिला न्यायमूर्ती डेव्हिड टेटल यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, वादीला आपली अमुक नोकरी अमुक एच-४ बाईने घेतली असं दाखवायची गरज नाही. सरकारने बाजारात जास्त स्पर्धक सोडले आणि ते वादीच्याच क्षेत्रातले असणार हे दिसत असलं, की लोकस पुरे. आणि हे दिसत होतं खात्याच्याच कागदांत. हा नियम केला नाही तर एच-१बीवाले निघून जातील, असं खात्यानेच लिहिलं होतं. म्हणजे नियम केल्यावर ते थांबतील, आणि ते थांबले की स्पर्धा वाढेल.

वहिनीच्या बाजूची असूनही मला हा निकाल बरोबर वाटतो. ज्याची नोकरी गेली त्याला निदान आत येऊन बोलू तरी द्यायला हवं. त्याचं म्हणणं चूक असेल तर ते ऐकून चूक ठरवा, दारातून हाकलून नको.

मधली वर्षं

वर दोन तारखा दिल्या: सप्टेंबर २०१६ आणि नोव्हेंबर २०१९. मध्ये तीन वर्षं गेली कुठे?

२०१७ मध्ये सरकार बदललं. ज्या खात्याने नियम केला होता, तेच खातं आता कोर्टाला म्हणू लागलं की जरा थांबा, आम्ही हा नियमच मागे घ्यायच्या विचारात आहोत. अपील लांबणीवर पडत गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम रद्द करायचा मसुदा व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडे तपासणीला गेला. या काळात ‘इमिग्रेशन व्हॉइस’ ही स्थलांतरितांची संघटना खटल्यात सामील झाली, कारण सरकार या नियमाची बाजू मनापासून मांडेल याचा भरवसा उरला नव्हता. ज्यांच्या पोटाचा प्रश्न, त्यांनाच शेवटी कोर्टात उभं राहावं लागलं.

त्या दोन वर्षांत वहिनीने घर घ्यायचं पुढे ढकललं. मसुदा जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला, नव्या सरकारच्या पहिल्याच आठवड्यात. नियम जसाच्या तसा राहिला.

इथवर एक गोष्ट लक्षात घ्या. नियम वाचला तो कोर्टामुळे नव्हे, निवडणुकीमुळे.

एका वाक्याचा अर्थ

मॅटर खाली परत गेलं आणि २८ मार्च २०२३ रोजी न्यायाधीश चटकन यांनी मेरिटवर, म्हणजे लोकस सोडून मूळ वादावर, सरकारच्या बाजूने निकाल दिला. त्यावर पुन्हा अपील. २ ऑगस्ट २०२४ रोजी डी.सी. सर्किटने तो कायम केला. वहिनीच्या ग्रुपवर आलेली बातमी ती हीच.

सगळा वाद कायद्याच्या एका वाक्यावर आहे. अमेरिकेच्या मूळ स्थलांतर कायद्यात असं कलम आहे की, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाचा प्रवेश हा खातं नियमांनी ठरवेल तेवढ्या काळासाठी आणि ठरवेल त्या अटींवर असेल. काळ आणि अटी, दोनच शब्द. काम करू देणं ही ‘अट’ होते का?

वादी म्हणत होते, होत नाही. कुठल्या व्हिसावर काय करता येईल हे काँग्रेस ठरवते. जिथे तिला जोडीदारांना काम करू द्यायचं होतं तिथे तिने ते कायद्यात लिहिलं. उदाहरणार्थ, बदलीवर येणाऱ्या एल-१ व्हिसाधारकांच्या जोडीदारांसाठी २००२ मध्ये खास दुरुस्ती झाली. एच-४ साठी झाली नाही. मग खात्याने ती नियमाने का करावी?

हा युक्तिवाद कच्चा नाही, आणि तो समजून घेतल्याशिवाय निकाल समजत नाही.

समोरून उत्तर होतं १९८६ च्या कायद्याचं. बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना शिक्षा देणारा तो कायदा. त्यात ‘परवानगी नसलेला परदेशी’ कोण, याची व्याख्या आहे. ज्याला कायमचा रहिवास नाही आणि ज्याला या कायद्याने किंवा खात्याने काम करायची परवानगी दिलेली नाही, तो. ‘या कायद्याने किंवा खात्याने’ यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. काँग्रेसने लिहितानाच गृहीत धरलं होतं की कामाची परवानगी दोन वाटांनी येते, थेट कायद्यातून आणि खात्याकडून. आणि खातं तशी परवानगी कित्येक वर्षं देतच होतं, परदेशी विद्यार्थ्यांना, परदेशी सरकारांच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना. चटकन यांच्या निकालात या जुन्या प्रथेवर बराच भर आहे. काँग्रेसला हे माहीत होतं आणि तिने ते थांबवलं नाही.

अपील कोर्टाचं काम मात्र यापेक्षा सोपं झालं, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच कोर्टाने हा प्रश्न सोडवून ठेवला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉशिंग्टन अलायन्स ऑफ टेक्नॉलॉजी वर्कर्स या संघटनेच्या खटल्यात. तिथे वाद होता ओपीटीचा, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर काही काळ काम करू देणाऱ्या नियमाचा. न्यायमूर्ती कॉर्नेलिया पिलार्ड यांनी लिहिलं की ‘काळ आणि अटी’ ठरवण्याच्या अधिकारात कामाची परवानगी बसते, फक्त नियमाचा त्या व्हिसाच्या हेतूशी वाजवी संबंध हवा. त्यावर मतभेदाचा सूरही होता, आणि संपूर्ण कोर्टाने पुन्हा ऐकावं अशी मागणीही झाली. ती मान्य झाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घालायला नकार दिला.

आपल्याकडे जसं मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाला दुसऱ्या समान खंडपीठाचा निर्णय पाळावा लागतो, पटला नाही तर मॅटर मोठ्या पीठाकडे पाठवावं लागतं, तसंच तिथेही आहे. तिघांच्या पीठाला आधीच्या तिघांचा निकाल बांधतो. तो बदलू शकतं ते संपूर्ण कोर्ट किंवा सर्वोच्च न्यायालय.

म्हणून २०२४ चा निकाल छोटा आहे. तो लिहिला न्यायमूर्ती जस्टिन वॉकर यांनी. त्यांची नेमणूक ट्रम्प यांनी २०२० मध्ये केलेली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘कुणाचा न्यायाधीश’ हे विचारायची सवय आता आपल्यालाही लागली आहे. वॉकर यांनी एवढंच म्हटलं की या कायद्याच्या याच तरतुदींचा अर्थ या कोर्टाने आधीच लावलेला आहे, खात्याच्या बाजूने लावलेला आहे, आणि हा खटला त्याहून वेगळा का, हे वादीला पटेल असं सांगता आलेलं नाही. सबब, खालचा निकाल कायम. एखाद्या न्यायाधीशाने स्वतःच्या मताऐवजी कोर्टाच्या शिस्तीला मान दिला की मला त्या संस्थेबद्दल आदर वाटतो.

पाच आठवड्यांपूर्वीचं वादळ

वादीच्या हातात एक ताजं हत्यार मात्र होतं. २८ जून २०२४ रोजी, म्हणजे बरोबर पाच आठवडे आधी, सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट खटल्यात शेव्हरॉन या जुन्या खटल्यातला ४० वर्षांचा दंडक मोडून काढला होता. १९८४ पासून असं होतं की कायदा संदिग्ध असेल आणि सरकारी खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर कोर्टाने तो मान्य करायचा. आता सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सांगितलं की कायद्याचा अर्थ लावणं हे कोर्टाचं काम आहे, खात्याचं नव्हे. कोर्टाने स्वतः सगळ्यांत चांगला अर्थ शोधायचा.

वादी म्हणाले, मग २०२२ चा तो विद्यार्थ्यांचा निकाल शेव्हरॉनवर उभा होता, शेव्हरॉन गेला, निकालही गेला.

कोर्टाने उत्तर दिलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. २०२२ चा निकाल पुन्हा वाचा, ते म्हणाले. त्यात आम्ही खात्याच्या मताला मान तुकवून थांबलो नव्हतो. कायद्याची वाक्यं, रचना, इतिहास बघून आमच्या मते योग्य अर्थ काय तो आम्ही स्वतः ठरवला होता. म्हणून शेव्हरॉन गेला तरी तो निकाल उभा आहे. शिवाय लोपर ब्राइटनेच सांगून ठेवलं आहे की केवळ शेव्हरॉनची पद्धत वापरली म्हणून जुने निकाल कोसळत नाहीत.

एखाद्या कनिष्ठ वकिलाला मी हे दाखवेन. न्यायमूर्ती पिलार्ड यांनी २०२२ मध्ये ‘खातं म्हणतं ते वाजवी आहे’ एवढ्यावर भागवलं असतं, तर २०२४ मध्ये वादीच्या म्हणण्याला बरंच जास्त वजन आलं असतं.

जिंकलं कोण

आता वहिनीच्या प्रश्नाकडे.

या निकालाने एच-४ बायकांना काम करायचा हक्क दिला का? नाही. निकाल एवढंच म्हणतो की खातं परवानगी देऊ शकतं. द्यावंच लागेल, असं कुठेही म्हणत नाही. एल-१ वाल्यांच्या जोडीदारांसाठीच्या कलमात काँग्रेसने ‘द्यावी’ असं आज्ञार्थी क्रियापद वापरलं आहे. तिथे खात्याला पर्यायच नाही. एच-४ च्या बाबतीत आहे तो खात्याचा अधिकार, आणि अधिकार वापरणारा तो उद्या न वापरायचंही ठरवू शकतो. रीतसर नोटीस काढून, हरकती मागवून, कारणं देऊन, पण ठरवू शकतो. आपल्या भाषेत, हे जीआरपेक्षा वरचं आणि कायद्यापेक्षा खालचं आहे. जे नियमाने आलं ते नियमाने जाऊ शकतं, आणि २०१९ मध्ये ते जायच्या वाटेवर होतंच.

म्हणजे खटल्यात जिंकलं ते खातं. बायकांना त्याच्या सावलीत उभं राहायला मिळालं.

वादी सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांची याचिका दाखल करून घ्यायला नकार मिळाला. पुन्हा फोन, पुन्हा पेढे. मी वहिनीला म्हटलं, आपल्याकडे एसएलपी, म्हणजे अपिलासाठी खास परवानगी मागणारी याचिका, नुसती फेटाळली म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने खालचा निकाल बरोबर ठरवला असं होत नाही ना, तसंच तिथेही. त्यांनी फक्त ऐकायचं नाही असं ठरवलं. पण दहा वर्षांचा खटला संपला, हे खरं. त्या रात्री तिने घरी पुरणपोळी केली आणि मलाही व्हिडिओवर दाखवली. मी आणखी काही बोलले नाही.

त्यानंतर १६ दिवस गेले.

३० ऑक्टोबर २०२५ पासून होमलँड सिक्युरिटी खात्याने कामाच्या परवान्यांची आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद केली. तोवर असं होतं की मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्या कार्डावर काम चालू ठेवता यायचं, कमाल ५४० दिवस. एच-४ वाल्यांना त्यांच्या मुक्कामाच्या मुदतीची मर्यादा त्यात होती, पण तरी श्वास घ्यायला जागा होती. आता त्या तारखेपासून केलेल्या अर्जांना ती नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी काम बंद. कंपनीचा दोष नाही. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर १९८६ चा तोच कायदा कंपनीला धरतो, ज्यातल्या ‘किंवा’ने खटला जिंकून दिला होता.

या बदलाला खटल्याची काहीच आडकाठी नव्हती. उलट, ‘काळ आणि अटी खातं ठरवेल’ हेच तर कोर्टाने सांगितलं होतं. अधिकार तोच, आता दुसऱ्या दिशेने वापरलेला. ज्यांनी दहा वर्षं हा खटला लढवला त्यांना हे बोचेल हे मला समजतं. पण ज्या निकालाच्या आधारे परवाना मिळतो, त्याच निकालाच्या आधारे त्याच्या अटी कडक करता येतात. त्यापासून वहिनीला वाचवू शकेल ते फक्त कायद्यातलं एक वाक्य, एल-१ साठी आहे तसं. ते काँग्रेसने लिहायचं आहे. कुठल्याही सर्किटच्या कोर्टाला ते लिहिता येत नाही आणि येऊही नये.

परवा तिच्याशी बोलले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. मागे भिंतीवर कालनिर्णय, आईने इथून पाठवलेलं. नूतनीकरणाचा अर्ज कार्ड संपायच्या जास्तीत जास्त १८० दिवस आधी करता येतो. तिने शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायला सुरुवात केली होती. पान उलटून, बोट ठेवून, एकादशी आणि चतुर्थीच्या खुणांमधून वाट काढत. मोजून झाल्यावर तिने लाल पेनने एका मंगळवारभोवती गोल केला आणि मला म्हणाली, “त्या दिवशी सकाळी मला फोन कर. दादा विसरेल.”

मी माझ्याही डायरीत लिहून ठेवलं आहे.